डावा हात दोन बोटं खाली

ठाण्यात साहेबांना सगळे 'सावकाश' म्हणायचे. तोंडावर अर्थातच 'साहेब'. पण हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ते कुठल्याही गुन्ह्यामागे धावले नव्हते. बाकीचे धावायचे, गाड्या धावायच्या, वरून फोनवर फोन यायचे, आणि साहेब म्हणायचे, "सावकाश. जे जायचं ते गेलंय. आता घाई कोणाला?" आणि मग चोर सापडायचा. दर वेळी सापडायचा, म्हणून बरं. नाहीतर अशा माणसाला आळशी ठरवायला जगाला काय वेळ लागतो!

त्यांची तपासाची रीत एका वाक्यात बसत होती, आणि ते वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की ठाण्याबाहेरच्या चहावाल्यालाही पाठ होतं. "वस्तू लपत नसते, वापरली जाते. चोर कोण ते विचारू नका, गरज कोणाला होती ते विचारा." एकदा एका शाळेची पितळी घंटा गेली. महिनाभर सगळे भंगारवाल्यांच्या मागे होते. साहेब शाळेच्या ओट्यावर बसून चहा प्याले आणि त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, की या भागात हल्ली कोण वेळेवर यायला लागलंय? तिसऱ्या दिवशी घंटा पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीच्या मागच्या दाराला टांगलेली सापडली. भट्टीवरचे कामगार महिनाभर घड्याळाच्या ठोक्याला हजर होत होते.

तर अशा माणसाला निवृत्तीच्या आधीच्या सोमवारी शेवटचं प्रकरण मिळालं, आणि ते होतं ठाण्यातल्या ठाण्यात.

"खुर्ची आहे एक," मोठे साहेब म्हणाले. ते वयाने लहान आणि हुद्द्याने मोठे, त्यामुळे सावकाश साहेबांशी बोलताना त्यांचा आवाज कधी वर जायचा, कधी एकदम खाली यायचा. "घरफोडीतली जप्त वस्तू. अकरा वर्षं खटला चालला, वरच्या कोर्टातही गेला, आता निकाल लागलाय. माल मालकाला परत द्यायचाय. शिलाई मशीन दिलं, घड्याळ दिलं, भांडी दिली. खुर्ची कोठीत नाही."

"नोंद?"

"आत आल्याची आहे, बाहेर गेल्याची नाही. म्हणजे कोठीवाल्या बाई जबाबदार. शुक्रवारपर्यंत अहवाल हवा. खुर्ची मिळाली नाही तर बाईंना निलंबित करायचं, पुढे खातं ठरवील." मोठ्या साहेबांनी आवाज खाली आणला. "तुम्ही उगाच दगदग करू नका. चार ओळी लिहा. शुक्रवारी तुमचा निरोपसमारंभ आहे, प्रशस्तिपत्र तयार आहे. 'एकही तपास अपुरा नाही.' आणि तुमच्या त्या खुर्चीचं सांगतो, खास बाब म्हणून घरी न्यायची परवानगी काढलीय मी."

साहेबांना बरं वाटलं. आपल्या खोलीतल्या त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता. ठाण्यातल्या साऱ्या लाकडासारखीच राखाडी रंगाची, पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचा क्रमांक, बैठकीवर बायकोने शिवलेली गादी. दिसायला काही नाही, पण बसलं की दिवसभर उठावंसं वाटत नसे. घरी खिडकीजवळ तिच्यासाठी जागासुद्धा करून ठेवलेली होती.

हुशार वाचकाच्या काय ते लक्षात आलं असेल. साहेबांच्या आलं नाही. त्याला कारण आहे. वाचक उभा आहे, आणि साहेब त्या खुर्चीवर बसलेले होते.

कोठी ठाण्याच्या मागच्या अंगाला होती. लांबट खोली, एक खिडकी, छतापर्यंत फळ्या, आणि प्रत्येक फळीवर कापडात शिवून लाखेने मोहोर केलेली गाठोडी. बाई या खोलीच्या अकरा वर्षांच्या धनीण. त्या फळीवरून हात फिरवायच्या आणि बोटाला धूळ लागली तर बोटालाच रागवायच्या. त्या दिवशी त्यांनी रजिस्टर उघडून तयार ठेवलं होतं.

"बघा," त्या म्हणाल्या. रडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या; संतापल्या होत्या. "लाकडी खुर्ची, हातांची, पॉलिश केलेली, एक नग. मी या खोलीतून टाचणी बाहेर जाऊ दिली नाही, साहेब. खुर्ची कशी जाईल? पाय फुटले का तिला?"

"पाय तर आहेतच, बाई. चार." साहेबांचा विनोद बाईंनी खाली पडू दिला. "बरं, तुम्ही हिला शेवटची कधी पाहिलीत?"

बाईंनी रजिस्टरमधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पाहिलीच नाही."

"म्हणजे?"

"मी चार्ज घेतला तेव्हा चारशेवर वस्तू होत्या. आधीचे कारकून दुसऱ्या दिवशी बदलीवर निघालेले. मी म्हटलं, एकेक बघून घेते. तेव्हा तुम्ही साक्षीदार म्हणून उभे होतात. म्हणालात, 'सगळं बरोबर आहे, मी पाहिलंय. करा सही.' केली." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तुमच्या शब्दावर सही केली. तो गुन्हा असेल तर तसं लिहा."

साहेबांनी मान डोलावली. आपल्या शब्दाला ठाण्यात किती वजन आहे, याचंच त्यांना त्या क्षणी कौतुक वाटलं. माणूस साठीला आला तरी स्वतःचं कौतुक ऐकताना कान लहान मुलाचेच असतात.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "शुक्रवारच्या आत खुर्ची तुमच्या दारात उभी करतो."

मंगळवारी त्यांनी आपली रीत सुरू केली. खुर्चीची गरज कोणाला होती? त्यांनी चहावाल्याची टपरी पाहिली. तिथे बाकडी होती. ठाण्यातल्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन आले; त्याच्या बायकोने चार प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या दाखवल्या आणि "अजून काय बघायचंय?" असं विचारलं. आधीचे कोठीकारकून दोन वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या मुलाकडे एक झोपाळा निघाला. ठाण्यात मात्र कुजबुज सुरू झाली. बाई जेवायला बसल्या तशी शेजारची दोघं डबा उचलून दुसरीकडे गेली. साहेबांनी हे दारातून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थोडी घाई झाली.

बुधवारी ते मालकाकडे गेले. साक्षीदाराला ते ठाण्यात कधीच बोलवत नसत. माणूस आपल्या घरात खरं बोलतो, असं त्यांचं मत होतं. मालक म्हणजे एक म्हातारे सुतार. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत भिंतीला ओळीने टांगलेली हत्यारं, पटाशा, रंधे, करवती, सगळी तेल लावून ठेवलेली आणि कित्येक दिवसांत कोणी न उचललेली. सुतारकाकांचे हात थरथरत होते. आतल्या खोलीत त्यांची बायको, काकू, पलंगाच्या कडेवर बसलेल्या होत्या, पाठीला उशी लावून.

"बाकी सामान मिळालं," काका म्हणाले. "मशीन मिळालं, घड्याळ मिळालं. ते नसतं मिळालं तरी चाललं असतं, खरं सांगतो. मला खुर्ची हवीय."

"तशी दुसरी बनवून घेता येणार नाही का, काका?"

"कोणाकडून?" काका हसले. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले आणि ते कसे हलतात ते साहेबांना बघू दिलं. "आमच्या हिचा डावा हात लहानपणी मोडलेला. कोपर पुरतं वर जात नाही. साध्या खुर्चीत ती बसली की खांदा कानाला लागतो. म्हणून मी तिच्या मापाची केली. खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. पाठीला कमरेशी बाक दिला. त्या खुर्चीतून ती आपली आपण उठायची. आता उठवायला मी लागतो, आणि मला धरायला भिंत."

"उठता येतं मला," आतून काकू म्हणाल्या. "हे उगाच सांगतात."

"मग उठून दाखव."

"आत्ता नाही उठायचं मला."

साहेबांनी वहीत लिहिलं, डावा हात दोन बोटं खाली. "काही खूण? नाव, सही?"

"सही कशाला करू? घरातलीच ना! हां, पण डाव्या हाताच्या खालच्या अंगाला पेन्सिलची रेघ असेल. हिला बसवून माप घेतलं तेव्हा मारलेली. पॉलिश करताना तेवढी जागा सोडली होती मी." काका जरा लाजले. "पुसावीशी वाटली नाही."

निघताना काका दारापर्यंत आले. "साहेब, जो कोणी तिच्यावर बसत असेल ना, त्याची पाठ ठणठणीत असणार. एवढं सांगून ठेवतो."

संध्याकाळी साहेब घरी आले ते विचारातच. बायको आतून चहा घेऊन आली. तिची शाळेतली नोकरी संपून तीन वर्षं झाली होती, पण वर्ग सुटला तरी मास्तरीणबाईंची नजर सुटत नाही.

"अहो, नीट बसा. पुन्हा कललात."

"कुठे कललो?"

"डावीकडे. रोजचंच आहे. घरातल्या खुर्चीत बसलात की तुमचं डावं कोपर काहीतरी शोधत असतं. सुनबाईसुद्धा विचारत होती, बाबांना खांद्याचं काही आहे का म्हणून."

"तू कधी बोलली नाहीस."

"अकरा वर्षं बोलतेय! तुमची पाठ धरली होती ना, तेव्हापासून. आठवतंय का, आठ दिवस जमिनीवर झोपत होतात, मोजे मी घालत होते. मग एक दिवस हसत आलात. म्हणालात, ऑफिसात फक्कड खुर्ची मिळाली, पाठ आहे की नाही तेही कळत नाही. त्या खुर्चीला गादी नाही का शिवून दिली मी?"

साहेबांनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही.

गरज कोणाला होती, हा प्रश्न त्यांनी चहावाल्याला विचारला होता, ड्रायव्हरला विचारला होता, मेलेल्या माणसाच्या मुलाला विचारला होता. एका माणसाला तेवढा विचारला नव्हता.

"काय झालं?" बायकोने विचारलं. त्यांनी सांगितलं. ती ऐकत गेली, आणि पहिल्यांदा हसलीच. तिला हसू आवरेना. "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. "त्या बाईंचं काय होणार आता?"

"ते माझ्या हातात आहे," साहेब म्हणाले.

गुरुवारी ते सगळ्यांच्या आधी ठाण्यात पोचले. खोलीचं दार लावून घेतलं, गादी काढली, खुर्ची टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसला. दोन्ही हातांवर पट्टी आडवी धरून त्यांनी डावीकडच्या फटीत बोटं घातली. दोन बोटं, नेमकी. मग डाव्या हाताच्या खाली वाकून पाहिलं. दरवर्षी तपासणीच्या आधी रंगारी यायचा आणि समोर येईल त्या लाकडाला राखाडी फासून वर क्रमांक टाकायचा. पण अंगचोर होता, खालून ब्रश कधी फिरवत नसे. तिथे उघडं लाकूड होतं, आणि त्यावर पेन्सिलची एक बारीक, सरळ रेघ.

साहेब टेबलाच्या कडेला टेकले आणि त्यांना सगळं आठवलं. कोठीत कुठलंसं गाठोडं बघायला गेलो होतो. पाठीत उसण भरली. समोर ही उघडीच होती. खुर्चीला कापडात कोण शिवतो? बसलो. अशी पाठ निवली की डोळ्यांत पाणी आलं. कारकुनाला म्हटलं, "दोन दिवस माझ्या खोलीत ठेवा, मग नेऊन ठेवतो." साहेबांच्या दोन दिवसांची नोंद कोण करणार? पुढच्याच महिन्यात बाई आल्या. त्यांना सही करायला सांगितलं, तेव्हा आपण खोलीकडे नजरही टाकली नव्हती. शेवटच्या फळीवर काय आहे ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. 'मी पाहिलंय' म्हणालो होतो.

त्यांना लाज वाटली. खुर्चीची नाही, खुर्ची माणूस विसरू शकतो. त्या एका शब्दाची वाटली, कारण सोमवारी बाईंनी तो परत ऐकवला तेव्हा ते खूश झाले होते.

अहवाल लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. उभ्याने लिहिला. छत्तीस वर्षांत त्यांचं अक्षर बिघडलं नव्हतं, याही वेळी बिघडलं नाही.

मोठ्या साहेबांनी तो वाचला आणि त्यांचा आवाज पुरता वर गेला. "हे काय? 'वस्तू नेणारा इसम: प्रस्तुत तपास अधिकारी.' अहो, वेड लागलंय का? खुर्ची मिळाली ना? झालं! माळ्यावर सापडली असं लिहा. कोणाचं काही बिघडत नाही."

"ठाण्याला माळा नाही."

"मग अडगळीत! साहेब, तुम्ही असं लिहिलंत तर चौकशी तुमच्यावर लागेल. निवृत्त झाल्यावर हेलपाटे घालाल. आणि प्रशस्तिपत्राचं काय करू मी?"

"अडगळीत सापडली लिहिलं तर बाईंच्या नावापुढे कायमचं राहील की यांच्या ताब्यातली वस्तू अडगळीत गेली. ती गेली नव्हती. मी नेली होती. बाई मागच्या अकरा वर्षांत एकदाच चुकल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला." साहेबांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "प्रशस्तिपत्रात बाकी काय बदलायचं ते बदला. 'एकही तपास अपुरा नाही' हे मात्र राहू द्या. ते खरं आहे. हाही पुरा केलाय."

मोठ्या साहेबांनी शिक्का उचलून कागदावर मारला, जरा जोरातच.

शुक्रवारी समारंभ झाला. भाषणं झाली, प्रत्येकाने घंटेची गोष्ट सांगितली, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत बेकरी वेगळ्या गल्लीत होती. शेवटी साहेब बोलायला उभे राहिले. खरं म्हणजे ते सकाळपासून उभेच होते. त्यांनी आपला शेवटचा तपास पहिल्यापासून सांगितला, काहीही न वगळता. आधी लोक हसले. मग 'सगळं बरोबर आहे, करा सही' इथे आल्यावर हसू थांबलं. डबे उचलून गेलेली दोघं पायाशी बघू लागली. बाई मागच्या रांगेत ताठ बसून होत्या. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

काका-काकू रिक्षाने आले होते. काकांनी खुर्ची पाहिली आणि पहिल्यांदा ओळखलीच नाही. मग नखाने राखाडी रंगाचा पोपडा उचलला, खालचं लाकूड बघितलं, चारही सांधे दाबून पाहिले.

"रंग कोणी दिला हा?" त्यांनी विचारलं.

"खात्याने," साहेब म्हणाले. "वापरली मात्र मी. माफ करा, काका."

"एकही सांधा हललेला नाही," काका म्हणाले. ते रागावलेले होते, पण सुताराला अभिमान आधी येतो. "जपून वापरलीत. आता बसवा बघू हिला."

काकूंना धरून खुर्चीत बसवलं. त्यांचा डावा हात आपोआप खाली गेला आणि बरोबर जागेवर टेकला. त्या क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग कोणाला काही न सांगता, दोन्ही हातांवर भार देऊन, एकट्या उठून उभ्या राहिल्या.

"म्हटलं नव्हतं, येतं मला म्हणून?" त्या काकांना म्हणाल्या. काकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि खांद्यावरच्या पंच्याने चेहरा पुसून घेतला.

खुर्ची रिक्षात चढवण्याआधी कोठीचं काम उरलं होतं. साहेब मागच्या खोलीत गेले. बाईंनी रजिस्टर उघडलं होतं, अकरा वर्षांपूर्वीच्या ओळीसमोर 'बाहेर' या रकान्यात तारीख घातली होती, मालकाची सही घेतली होती. साक्षीदाराची जागा रिकामी होती.

त्या चार दिवसांत बाई त्यांच्याशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी पेन पुढे केलं. साहेबांनी ते घेतलं आणि सवयीने हात सहीच्या जागी नेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी बघून या."

साहेब अंगणात गेले. त्यांनी खुर्ची चारही बाजूंनी पाहिली, वाकून पेन्सिलची रेघ पाहिली, पाठीवरचा क्रमांक वाचला. मग परत येऊन म्हणाले, "बघितलं. एक नग. आहे."

"आता करा," बाई म्हणाल्या, आणि आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.